ताजं द्रावण

गुलगुल्याला कांद्याची चव लागली आणि मुमताज बागवानचा घास तोंडातच थांबला. दिवसभर रोजा असला की संध्याकाळी जीभ इतकी जागी झालेली असते की पाण्यालाही चव असते हे फक्त तेव्हाच कळतं. खजूर झाला होता, पाणी झालं होतं, आणि आता हा गूळ-कणकेचा गुलगुला, बडीशेप घातलेला, वरून तांबूस, आतून मऊ. त्यात कांदा असायचं काहीच कारण नव्हतं. आज भजी केलीच नव्हती. भजी काल होती. "अम्मी, कालच्याच तेलात तळलेस का?" तिने विचारलं. हुस्नबानू परात पुसत होती. एका बोटाने परात इतकी निपटून घ्यायची की घासणाऱ्याला काम उरू नये, ही तिची रीत. "मग काय फेकून देऊ? चांगलं गाळून घेतलंय," ती म्हणाली, आणि लेकीचा चेहरा बघून तिच्या अर्ध्या दखनी, अर्ध्या मराठीत पुढे म्हणाली, "क्या हुआ गे? फार कांदा लागतो का?" फार लागत नव्हता. किंचित लागत होता. ज्याने भजी खाल्लीच नाहीत त्यालाही काल या घरात भजी होती एवढं समजावं, इतपतच. मुमताजने घास गिळला, दुसरा गुलगुला उचलला, त्यालाही तीच चव, तिसऱ्यालाही तीच, आणि तिच्या पोटात एकदम खड्डा पडला. भुकेचा नव्हे. कढईतलं तेल कालच्यापेक्षा एखादी छटा गडद दिसत होतं, आणि त्याच्याकडे बघताना तिला दिसत होती ती प्रयोगशाळेतली बाटली, काळा कागद गुंडाळलेली, पिवळ्या द्रावणाची.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. काही सेंद्रिय पदार्थ उजेड लागला की मोडतात आणि वेगळ्या तऱ्हेने पुन्हा जुळतात. आधी एक असतात, नंतर दुसरेच होऊन बसतात. आणि मध्ये, डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत, ते ना धड हे असतात ना धड ते. तो मधला पदार्थ बघायचा. काचेच्या चौकोनी सेलमध्ये द्रावण भरायचं, त्यातून साध्या दिव्याचा प्रकाश आरपार सोडायचा, आडव्या बाजूने लेझरचा एकच ठोका मारायचा, आणि त्यानंतर दिव्याचा प्रकाश किती अडतो आणि किती वेळ अडतो ते पडद्यावरच्या रेघेत वाचायचं. रेघ खाली गेली म्हणजे मधला पदार्थ आला. रेघ परत वर आली म्हणजे तो गेला. सरोजिनीने त्याचं नाव पाहुणा ठेवलं होतं. सरोजिनी दामले म्हणजे जिने तो पिवळा पदार्थ बनवला ती. वर्षभराहून जास्त फ्लास्कांशी भांडून तिने जेमतेम चमचाभर पूड जमवली होती आणि स्वतःची बोटं कायमची पिवळी करून घेतली होती. पाहुणा तीस मायक्रोसेकंद राहतो असं निघालं तेव्हा ती म्हणाली होती, "पुण्यात येऊन इतका वेळ? याला कोणी चहा विचारलाय का?" तीस मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचे लाख तुकडे करून त्यातले तीन. पण त्या जातीच्या पदार्थांच्या मानाने हा शंभरी ओलांडलेला म्हातारा होता, आणि एवढं आयुष्य कोणी कुठे पाहिलेलं नव्हतं. त्यावर तिच्या मार्गदर्शकांनी, साठये सरांनी, लेख लिहिला, मुमताजचं नाव पहिलं घातलं, परदेशातल्या एका नियतकालिकाने तो स्वीकारला, आणि त्याची प्रुफं कालच सरांच्या टेबलावर येऊन पडली होती. सोमवारी तपासून ती टपालात जायची होती. तिचा प्रबंध त्या लेखावर उभा होता, लेख त्या बाटलीवर उभा होता, आणि बाटलीत नक्की काय आहे हे या घटकेला तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

कारण प्रयोगशाळेत बेसिनच्या वर एक पाटी होती: 'उरलेले द्रावण बाटलीत परत ओतावे. बेसिनला संशोधनाची आवड नाही.' अक्षर सरांचं होतं, आणि पाटी सगळ्यांना मनापासून पटलेली होती. चमचाभर पूड, ती कुठवर पुरणार? म्हणून सेल भरायचा, ठोक्यांमागून ठोके मारायचे, त्यांची सरासरी काढायची, आणि द्रावण परत बाटलीत. दुसऱ्या दिवशी तेच. मध्ये गढूळ वाटलं तर गाळून घ्यायचं. चांगलं गाळून घेतलंय, अम्मी म्हणाली होती. जे विरघळलेलं असतं ते गाळण्याला दाद देत नाही, हे मुमताज पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. शिवाय आणखी एक रीत होती: लेझर तापून स्थिरावेपर्यंतचे ठोके धरायचे नाहीत. ते धरत नसत, पण सेल मात्र तिथेच, लेझरच्या वाटेतच ठेवलेला असे. कोण उचलून बाजूला ठेवणार, सांडलं म्हणजे? म्हणजे ताज्या द्रावणावर पडणारा पहिला ठोका आजवर कोणी बघितलाच नव्हता. रेघ दिवसागणिक ठसठशीत होत गेली आणि सगळ्यांना वाटलं, हात बसतोय. "बाटली मुरलीय," सरोजिनी म्हणायची, लोणच्याबद्दल बोलावं तशी, आणि मुमताज हसायची. आता ते हसू तिला तोंडावर येऊन लागलं. प्रत्येक ठोक्यानं थोडी पिवळी पूड मोडत होती आणि तिचं शेवटचं रूप त्याच बाटलीत साठत होतं. रंगही जवळजवळ तोच, म्हणून तपासताना कळायचं नाही. पुढचा ठोका त्या साठलेल्यावरही पडत होता. तीस मायक्रोसेकंद बसून राहणारा तो पाहुणा नव्हताच. घरात आधीच राहायला आलेला, हातपाय पसरून बसलेला भाडेकरू होता.

तिने हे अम्मीला सांगितलं नाही. काय सांगणार, की तुझ्या तेलाने माझी दोन वर्षं बुडवली? गुलगुले तिने संपवले, ताट धुतलं, आणि गॅलरीत येऊन उभी राहिली. खाली गंज पेठेचा रस्ता संध्याकाळचा गजबजला होता, शीरखुर्म्याच्या शेवया आतापासूनच दुकानांपुढे टांगलेल्या होत्या, आणि एप्रिलच्या उन्हाने तापलेली भिंत अजून पाठीला चटका देत होती. एक गोष्ट तिला उघड दिसत होती आणि ती तिला अजिबात आवडली नाही: आपण गप्प बसलो तर कोणालाही कळणार नाही. निदान बरीच वर्षं नाही. असला पदार्थ बनवायला वर्ष घालवणारी दुसरी सरोजिनी जगात कुठे बसली असेल तर असेल. अब्बांचा मंडईत फळांचा गाळा होता, आणि कालची मोसंबी खाली, आजची वर, हे तेही करत. मंडईत कोण करत नाही? फक्त कोणी गिऱ्हाईक ढिगात खोल हात घालायला लागलं की शमशुद्दीन बागवान मान न वळवता म्हणायचे, "खालची कालची आहेत. पाहिजे तर घ्या." गिऱ्हाईक बिचकायचं, कधी निघून जायचं, कधी हसून तीच घ्यायचं. लहानपणी मुमताजला वाटे, सांगायचंच आहे तर खाली ठेवता कशाला? आणि आता वाटलं, आपण तर ढीग उपसूनही कधी बघितला नाही. आपण स्वतःच गिऱ्हाईक होतो आणि स्वतःच गाळेवाले.

पण गॅलरीत तिला धरून ठेवलेलं होतं ते वेगळंच होतं, आणि तिकडे मन वळू नये म्हणून ती मोसंब्यांचा विचार करत होती. गेल्या हिवाळ्यातली ती सकाळ. लेझरच्या खोलीबाहेर लाल दिवा लागलेला असला की दार उघडायचं नाही, हा नियम. आत उघडा लेझर, दार उघडणाऱ्याचे डोळे जायचे. आत अंधारात मुमताज जाड चष्मा लावून पडद्यापुढे बसली होती आणि रेघ इतकी सुंदर येत होती, इतकी सावकाश, ऐटीत परत वर चढत होती, की तिने चहाची वेळही सोडून दिली. बाहेर ऑफिसचा शिपाई गेनबा निरोप घेऊन उभा होता. गाळ्यावर अब्बांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलंय. गेनबा नियमाचा माणूस, लाल दिवा विझायची वाट बघत उभा राहिला, दार वाजवणंही त्याला नियमाविरुद्ध वाटलं. ती पोचली तेव्हा अब्बा गेलेले होते, अंगावरची चादर नुकतीच डोक्यापर्यंत ओढलेली होती. त्यानंतर महिन्याभरात साठये सरांनी कोणाशी एक शब्द न बोलता त्या दाराला घंटा बसवून घेतली. मुमताजने कोणाला दोष दिला नाही, गेनबाला तर नाहीच. पण रात्री-अपरात्री जाग आली की ती स्वतःला एकच गोष्ट सांगायची: आपण तिथे नव्हतो, पण आपण जे बघत होतो ते खरं होतं. जगात कोणीच न पाहिलेलं, सावकाश जाणारं असं काहीतरी आपण त्या वेळी बघत होतो. अब्बा थांबले नाहीत, पण ते थांबत होतं. एवढाच तिला आधार होता, आणि तो आधार आता त्या तेलात तळून निघाला होता. त्या सकाळी ती अंधारात बसून भाडेकरू मोजत होती. ती रडली, फार नाही. मग तोंड धुतलं आणि अम्मीला म्हणाली, उद्या सरोजिनीकडे जाऊन येते.

रविवारी कोथरूडच्या बसमध्ये गर्दी नव्हती. खिडकीशी बसून तिला वाटत होतं, सरोजिनी हसेल, किंवा म्हणेल वेडी आहेस, आणि ते एक काहीतरी घडलं की हा घास घशाखाली जाईल. सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. सरोजिनीच्या नवऱ्याची, श्यामची, बदली नागपूरला झालेली. पुढच्या आठवड्यात सामान जायचं, आणि सरोजिनी जमिनीवर बसून स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होती. जुनीच पानं, पूर्वीच्या बदलीतली, घड्या तशाच ठेवलेली. "ये. पाणी विचारत नाही, तुझा रोजा असेल," ती म्हणाली. मुमताज समोर बसली आणि सगळं सांगितलं. गुलगुल्यापासून सांगितलं, कारण दुसरीकडून कुठून सुरू करावं ते तिला सुचेना. सरोजिनीचे हात गुंडाळत राहिले, मग मंदावले, मग एका डब्यावर तसेच राहिले. "म्हणजे दोन वर्षं आपण तळणीचं तेल मोजत होतो," ती म्हणाली.

"मोजलं अगदी बरोबर," मुमताज म्हणाली. "तेलच मोजलं एवढंच."

"आणि एका गुलगुल्यावरून तू उद्या सरांपुढे उभी राहणार."

"गुलगुल्यावरून नाही. ताज्या द्रावणावरून. प्रत्येक ठोक्याला नवं द्रावण हवं. वरून फनेलमधून येईल, सेलमधून जाईल, खाली पडेल. पडलेलं पुन्हा वर ओतायचं नाही."

"त्याला उरलेली सगळी पूड लागेल." सरोजिनीने ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मुमताजला माहीत होतं त्या बोटांत काय काय होतं ते. दोनदा फुटलेला फ्लास्क, एकदा वीज गेली म्हणून वाया गेलेला महिना, आणि शेवटी एका दुपारी गाळणकागदावर उरलेली पिवळी धूळ, जी बघून ही बाई कॉरिडॉरमध्ये एकटीच फुगडी घातल्यासारखी गरकन फिरली होती. पुन्हा ती पूड कोणी बनवणार नव्हतं. बराच वेळ पंखा फिरत राहिला आणि वर्तमानपत्राचे कोपरे उडत राहिले. "एक सांगू?" सरोजिनी म्हणाली. "मला राग आलाय. तुझा नाही, कोणाचाच नाही, नुसता आलाय. जरा वेळ येऊ दे." मुमताजने येऊ दिला. ती दोन डबे गुंडाळू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की पोटातला खड्डा कालच्याइतका खोल राहिलेला नाही. दोघींत वाटून घेतला की खड्डाही लहान होतो. मग सरोजिनी उठून उभी राहिली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "फनेलची कळ मी धरीन. तुझ्या हाताला ते जमायचं नाही, तू थेंब मोजत बसशील. आणि नागपूरला ती पूड नेऊन मी काय करू? तिथल्या उन्हात ठेवली तर तुझ्या लेझरचं काम ऊनच करून टाकेल."

सोमवारी कात्रजची बस डेअरीच्या अलीकडे थांबली तेव्हा मुमताजच्या घशाला कोरड पडली होती, आणि दिवस तर अजून सुरूच व्हायचा होता. संस्थेच्या फाटकातून आत येताना ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती: सर, एक शंका आहे. सर, थोडं बोलायचं होतं. यज्ञेश्वर साठये यांच्यापुढे शंका या शब्दाने सुरुवात केलेल्या माणसाचं काय होतं ते तिने पाहिलेलं होतं. सर लाल पेन्सिल घेऊन प्रुफांवर वाकलेले होते, तिसऱ्या पानावर आले होते, आणि जुळवलेली सगळी वाक्यं तिला सोडून गेली. "सर, प्रुफं पाठवू नका," ती म्हणाली. सरांनी मान वर केली नाही. "कारण कळेल, की तेही टपालानं येणार?" मग तिने सांगितलं, उभ्या उभ्याच, बाटलीचं, धरायचे नाहीत म्हणून सोडून दिलेल्या ठोक्यांचं, दिवसागणिक ठसठशीत होत गेलेल्या रेघेचं. सर ऐकताना पेन्सिल आडवी धरून बसले होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे पाटी माझी, बाटली तुमची, आणि पाहुणा कोणाचाच नाही." पेन्सिल त्यांनी खाली ठेवली. "हे सुचलं कधी?" "शनिवारी, सर. गुलगुले खाताना." "गुलगुले," सर म्हणाले. "ऋणनिर्देशात घालता येणार नाही." एरवी ती हसली असती. सरांनी मागचं पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथेच राहिलं. "इथे मी लिहिलंय की सर्व मोजमापं ताज्या द्रावणावर केली. हे लिहिताना मला ते खरंच वाटत होतं, बागवान." त्यांचा आवाज तोच होता, कोरडा, पण बोट हलत नव्हतं, आणि मुमताजला पहिल्यांदाच दिसलं की या माणसाचं वय झालंय आणि हा लेख त्यांच्याही शेवटच्या काही लेखांपैकी एक आहे. तिला वाटलं, आता ते म्हणतील बघू नंतर, पाठवून तर देऊ. सरांनी प्रुफांवर पेपरवेट ठेवला. "आजच करा," ते म्हणाले. "मीही येतो. इतकी वर्षं परत ओतायला सांगितलं, निदान वाहताना बघू तरी द्या."

सगळी जुळणी करण्यात दुपार गेली. सरोजिनी आली, पुडीतून पिवळी पूड बाटलीत झटकली, पुडीचा कागदही द्रावकाने धुऊन घेतला, कारण वाया घालवायचं असलं तरी ते नीट घालवलं पाहिजे. लेझर तापत ठेवला, आणि या वेळी त्याच्या वाटेत काळा पुठ्ठा उभा केला. इतकी साधी गोष्ट, एक पुठ्ठा. दाराबाहेर लाल दिवा लागला. अंधारात फक्त पडद्याचा हिरवा उजेड, थंड पाण्याच्या पंपाची घरघर, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर सर. मुमताजच्या डोक्यात तहान हलकीशी वाजत होती. रोज्याच्या तिसऱ्या प्रहरी असते तशी ती आता त्रास देत नव्हती, उलट सगळं स्वच्छ, कडेकडेने कापल्यासारखं दिसत होतं. "सोड," ती म्हणाली. सरोजिनीने फनेलची कळ फिरवली, द्रावण सेलमधून वाहू लागलं, आणि मुमताजने पुठ्ठा काढून एकच ठोका मारला. पडद्यावर सुरुवातीला एक बारीक टोक आलं, लेझरची चकाकी असते ते, आणि मग रेघ. सपाट. टेबलाच्या कडेसारखी सपाट. पुन्हा मारला, पुन्हा सपाट. पुन्हा, पुन्हा. तीस मायक्रोसेकंद राहणारं तिथे काही नव्हतं. खात्री करायला तिने जुन्या बाटलीतलं द्रावण घालून बघितलं आणि रेघ लगेच खाली गेली, ओळखीची, ऐटबाज, सावकाश चढणारी. अब्बा गेले त्या सकाळची रेघ. "गेला पाहुणा," सरोजिनी हळूच म्हणाली. मुमताजला वाटलं होतं की बरोबर निघालो याचं तरी बरं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. नुसतं रिकामं वाटलं, त्या दिवशी मयत उचलून नेल्यावर घर रिकामं वाटलं होतं तसं, भांडीकुंडी जागच्या जागी आणि तरी रिकामं. ती बघत राहिली. सपाट रेघेकडे बघण्यासारखं काही नसतं, म्हणून डोळे आपोआप डावीकडे सरकले, सुरुवातीच्या त्या बारीक टोकाकडे, ज्याच्याकडे दोन वर्षांत कोणी बघितलं नव्हतं. ती चकाकी आहे म्हणून आलेखात ते नेहमी कापून टाकत.

आणि तिच्या मनात आलं, चकाकी एवढी रुंद असते? पडद्याचा वेळ ती ताणत गेली, आणखी, आणखी, शेवटच्या खाचेपर्यंत. तेवढ्याने भागेना, यंत्राच्या वायरीच्या टोकाला एक रोध, म्हणजे रेझिस्टर, असे, तो लहान केला तर जलद गोष्टी नीट दिसत, पण रेघ बारीक होई, म्हणून तोही कधी कोणी बदलला नव्हता. भरघोस रेघ सोडून बारीक रेघ कोण घेईल? अंधारात चाचपडत तिने रोध बदलला. "आधी नुसता द्रावक सोड," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा वाटला. नुसत्या द्रावकाला टोक आलं आणि तिथल्या तिथे मिटलं. ती खरी चकाकी. "आता आपलं." पिवळं द्रावण सेलमध्ये शिरलं, तिने ठोका मारला, आणि टोक आलं, पण मिटलं नाही. त्याच्या मागे एक लहानसा उतार होता. छोटा, काटकुळा, पण चकाकी सरल्यावरही टिकलेला, वाकून पुन्हा रेघेला येऊन मिळणारा. सरोजिनीने कळ धरलेली तशीच वाकून पडद्याकडे बघितलं. "चाळीस नॅनोसेकंद," मुमताज म्हणाली. "पन्नासच्या आत नक्की." म्हणजे मायक्रोसेकंदही नव्हे, त्याच्या हजार तुकड्यांतले चाळीस. "आला, चपला न काढता उंबऱ्यावरूनच निघाला," सरोजिनी म्हणाली. "हा आपला पुण्याचा," आणि तिचा आवाज मध्येच ओला झाला.

मुमताज ठोके मारत राहिली. मोजायला पुरेसे झाले होते तरी मारत राहिली, आणि सरोजिनी वरून सोडत राहिली, आणि ती दोन वर्षं जपलेली पूड थेंबाथेंबाने सेलमधून जाऊन खालच्या भांड्यात पडत राहिली, आणि वाया जातंय असं तिघांपैकी कोणालाच वाटलं नाही. प्रत्येक ठोक्याला ते यायचं. न चुकता यायचं. उतार तोच, आयुष्य तेच, ना कालचं काही त्यात ना आधीच्या ठोक्याचं. मग सावकाश, पाणी जमिनीत मुरावं तसं, तिच्या ध्यानात आलं की हे आजच येत नाहीये. बाटलीत पूर्वीही पिवळी पूड होतीच, बरीचशी शाबूत होती. म्हणजे प्रत्येक ठोक्याला हे तेव्हाही येत होतं, त्या मोठ्या रेघेच्या अगदी सुरुवातीला, कात्री लावलेल्या भागात. त्या सकाळीही. गेनबा बाहेर उभा असताना, गाळ्यावरून अब्बांना उचलून नेत असताना, ती ज्या पडद्यापुढे बसली होती त्यावर हे येत होतं आणि जात होतं, पुन्हा येत होतं. ती खोट्यापुढे बसलेली नव्हती. खऱ्यापुढेच बसली होती, फक्त बघत दुसरीकडे होती. तिचे डोळे जाड चष्म्याच्या आत भरून आले आणि काचा धुरकटल्या, आणि चष्मा काढता येत नव्हता, कारण लेझर चालू होता. ती तशीच, धूसर पडद्याकडे बघत, बोटांनी बटण चाचपून ठोके मारत राहिली. थांबणारं काहीतरी आपल्याला हवं होतं, तिला वाटलं, म्हणून थांबणारं सापडलं. जे सापडत नव्हतं ते असं होतं. राहत नव्हतं, आणि कमी नव्हतं.

ठोक्यांच्या मध्ये सर उठून केव्हा बाहेर गेले ते तिला कळलं नाही. लेझर बंद करून सरोजिनीने त्यांच्यासाठी दार उघडलं होतं, एवढं अंधुक लक्षात आलं. घंटा वाजली, लेझर पुन्हा थांबवला, आणि ते आत आले तेव्हा कॉरिडॉरमधला तांबूस उजेड त्यांच्या मागून थोडा आत आला आणि दार लागलं तसा गेला. त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत कोण कधी जेवतो, कोणाचा कसला उपास, याची सरांनी कधी चौकशी केलेली नव्हती. ते पडद्यापुढे येऊन वाकले. "पुन्हा दाखवा," म्हणाले. तिने दाखवलं. "पुन्हा." तिने पुन्हा दाखवलं. "नवा लेख लिहावा लागेल," शेवटी ते म्हणाले. "आधीच्यापेक्षा लहान. खरे लेख लहानच असतात." मग त्यांना हातातल्या पेल्याची आठवण झाली असावी. "बाहेर जाऊन बघून आलो, सूर्य मावळलाय. आधी रोजा सोडा, बागवान. हे थांबेल."

"हे थांबत नाही, सर," मुमताज म्हणाली. "पण दर वेळी येतं."

सरांनी मान हलवली आणि पाणी तिच्या हातात दिलं.